युनिव्हर्सिटीत मूल दाखवायला नेताना: बडोद्यातल्या नव्या पालकांसाठी

आमच्या दांडिया बाजारातल्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी पुण्याहून बदली होऊन एक कुटुंब आलं. त्यांची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. धावते, जिना चढते, गाणं लागलं की गोल गोल फिरते. पण हाक मारली तर वळत नाही आणि ‘आई’ म्हणत नाही. एके दिवशी तिच्या आईनं मला जिन्यातच गाठलं. "काकू, ऑफिसात कोणी म्हणालं, युनिव्हर्सिटीत दाखवा. तिथे डॉक्टर असतात का? औषध देतात का?"

माझा धाकटा आता सतरा वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि स्वमग्नताही (ऑटिझम). त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि जिन्यात उभ्या उभ्या पुरं उत्तर देऊन होत नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी तज्ज्ञ नाही. पंधरा वर्षं एकाच मुलाची फाइल सांभाळते आहे, एवढीच माझी पात्रता.

जाण्याआधी: तिथे काय मिळतं, काय नाही

युनिव्हर्सिटीतली अशी जागा म्हणजे दवाखाना नव्हे. तिथे मुलांच्या वाढीवर संशोधन चालतं, विद्यार्थी शिकतात, आणि या दोन्हींच्या ओघात आपल्यासारख्या घरांना मदत होते. तपासणी होते, सल्ला मिळतो, काही वेळा आठवड्यातून एक-दोनदा मुलाबरोबर काम होतं. औषध मिळत नाही. सरकारी प्रमाणपत्रही मिळत नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस दोन फेऱ्यांत वैतागतो.

अमेरिकेत केनेडींच्या वेळी, 1963 साली, कायदा होऊन अशा केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला, आणि आज तिथल्या प्रत्येक राज्यात असं एक तरी केंद्र आहे. आपल्याकडे हेच काम बहुधा एका पाटीखाली सापडत नाही. थोडं मानवविकास विभागात, थोडं मानसशास्त्रात, थोडं शिक्षणशास्त्रात, थोडं मेडिकल कॉलेजात. म्हणून ‘सेंटर कुठे आहे’ असं विचारत फिरू नका. ‘वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर इथे कोण काम करतं’ असं विचारा, म्हणजे शिपाईसुद्धा बरोबर दार दाखवतो.

बडोद्याची यात एक खास गोष्ट आहे, आणि ती इथल्या मराठी माणसांनाही फारशी ठाऊक नसते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 चं. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. होम सायन्सची विद्याशाखा तेव्हापासूनची. आता तिचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस झालंय, पण रिक्षावाल्याला ‘होम सायन्स’च सांगा, नाहीतर भलतीकडे उतराल. तिथल्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांची वाढ बारकाईनं मोजली. किती महिन्यांचं बाळ मान धरतं, लोंबती कडी पकडतं, पेल्यात ठोकळे टाकतं, याचे 1 ते 30 महिन्यांचे निकष 1970 साली मांडले. त्यातून तयार झालेली ‘दासी’ ही चाचणी आज देशभर वापरतात: हालचालीच्या 67 आणि समजेच्या 163 अशा 230 बाबी. नाव ऐकून हसू नका, इंग्रजी आद्याक्षरांचा तो खेळ आहे. पुढे 1991 मध्ये झटपट तपासणीसाठी 54 बाबींची ‘बडोदा’ नावाचीच चाचणी प्रसिद्ध झाली. दिल्लीतली बालरोगतज्ज्ञ जेव्हा एखाद्या बाळाला मागे किंवा पुढे म्हणते, तेव्हा त्या मापामागे आपल्या गल्ल्यांतली बाळं उभी असतात. त्याच विभागाची चेतन बालवाडी आहे. तिथे विद्यार्थिनी शिकतात, आणि अक्षमता असलेली मुलं बाकीच्यांबरोबरच बसतात.

पहिलं पाऊल: आधी कान तपासा

युनिव्हर्सिटीच्या आधी हॉस्पिटल. मूल हाकेला ओ देत नसेल तर सगळ्यात आधी त्याला ऐकू येतं का ते पाहायचं. ‘भांडं पडलं की दचकते, म्हणजे ऐकू येतं’ हा हिशेब चुकीचा आहे. मोठा आवाज ऐकू येऊन बोलणं ऐकू न येणारी मुलं असतात. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते आणि ती मुलाच्या उत्तरावर अवलंबून नसते. बालरोगतज्ज्ञाला दाखवून ती लिहून घ्या. सयाजी हॉस्पिटलात, म्हणजे एसएसजीत, केस पेपर काढायचा असेल तर सकाळी लवकर जा. शाळा आणि अंगणवाड्यांत मुलं तपासणारी सरकारी योजना 2013 पासून देशभर आहे. अंगणवाडीताईंनी मुलाचं नाव लिहून नेलं तर ‘आमचं मूल काही तसलं नाही’ म्हणून चिडू नका. त्या चिठ्ठीनं पुढची दारं फुकट उघडतात.

वाट किती पाहायची? वर्षभराचं बाळ बडबडत नसेल, दीड वर्षाचं बोटानं काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर वाट पाहायची नाही. ‘याचे काकाही उशिरा बोलले’ हे आमच्याही घरी आठ महिने चाललं. काका खरोखर उशिरा बोलले होते. पण ते बोटानं दाखवायचे, डोळ्यात बघायचे; हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरं: फोन कधी करायचा

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. युनिव्हर्सिटी शाळेसारखीच वर्षावर चालते. मे महिन्यात सामसूम, दिवाळीत सामसूम, परीक्षांच्या दिवसांत सगळे गडबडीत. जून-जुलैत नव्या मुली येतात, त्यांना काम शिकायचं असतं, तेव्हा वेळ मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिसात जाऊन लेखी अर्ज द्या, दोन ओळींचा चालतो: मुलाचं वय, काय काळजी वाटते, घरची भाषा, तुमचा नंबर. फोनवर ‘बेन, लखी लो’ (ताई, लिहून घ्या) म्हणालात तर ती चिठ्ठी हरवते. अर्जाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्या.

याची दुसरी बाजू अशी की मुलाबरोबर जी ताई काम करते ती वर्षाअखेरीस निघून जाते. आमच्या मुलाला एका ताईचा इतका लळा लागला होता की पुढच्या जूनमध्ये तो महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकेना. तेव्हापासून मार्च उजाडला की मी विचारते, ‘पुढच्या वर्षी कोण?’ आणि जुन्या ताईला नव्या ताईशी एकदा मुलासमोर बसायला लावते.

तिसरं: घर बरोबर न्या

माझ्या मते सगळं काही यावर अवलंबून आहे. तपासणीच्या खोलीत मूल तासभर असतं, बाकीचे तेवीस तास घरी. अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेत, पंख्याच्या आवाजात त्यानं जे केलं तेवढंच कागदावर जातं. म्हणून घर त्या खोलीत न्यायचं.

एक शंभरपानी वही करा. पंधरा दिवस रोज चार ओळी लिहा. मूल काय मागतं आणि कसं मागतं: ओढून नेतं, रडतं, बोट दाखवतं, शब्द म्हणतं? कोणते शब्द त्याला कळतात, आणि ते कोणी म्हटले तर कळतात? मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे घ्या: जेवताना, एकटं खेळताना, आजी-आजोबांबरोबर. सजवून नको, रोजचं हवं. वहीत झोपेच्या वेळाही लिहा. दुपारी बाराला झोपणाऱ्या मुलाला साडेअकराची वेळ दिली असेल तर बदलून मागा. चांगली माणसं बदलून देतात.

बाकी कागद नेहमीचेच. डिस्चार्ज कार्ड मात्र विसरू नका. वजन किती, रडलं कधी, काचेत किती दिवस होतं, हे सगळे विचारतात आणि तोंडी उत्तरं दर वेळी बदलतात.

आता भाषा. बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल घरी मराठी ऐकतं, ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. आमचा साडेचार वर्षांचा असताना एका ठिकाणी त्याला चित्रं दाखवून नावं विचारली. तपासणारी मुलगी गुजराती, मनमिळाऊ, हिंदीत विचारत होती. कंगव्याचं चित्र आलं. हा म्हणाला, "फणी." माझ्या सासूबाई कंगव्याला फणीच म्हणतात. तिनं मान हलवली, पुढचं चित्र काढलं. किल्लीच्या चित्राला तो "किल्ली" म्हणाला, ती ‘चावी’ची वाट पाहत होती. पोळीच्या चित्राला "पोई" म्हणाला. ळ त्याला येत नसे. मला मध्ये बोलायची मनाई होती, आणि ती योग्यच आहे. पण घरी येऊन रिपोर्ट वाचला तर तिन्ही चूक. त्या वर्षी त्याला जेमतेम तीस शब्द येत होते, त्यातले तीन असे गेले.

तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगते: घरची भाषा मराठी, आणि हे आमचे घरगुती शब्द, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेत. मराठीतून तपासायला माणूस नसेल तर रिपोर्टवर ‘चाचणी हिंदीतून घेतली, घरची भाषा मराठी’ एवढं तरी लिहायला सांगा. ही मेहेरबानी नव्हे. बिने-कामत नावाची बुद्धिमापन चाचणी अजून ठिकठिकाणी वापरतात, ती डॉ. कामतांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठीच बसवली होती. रोजच्या व्यवहारातली समज मोजणाऱ्या वाइनलँड चाचणीची भारतीय आवृत्ती डॉ. मालिन यांनी नागपुरात केली. मराठी मुलाला मराठीतून मोजण्याची सोय आपल्या आजोबांच्या काळापासून आहे.

आणखी एक. ‘घरात एकच भाषा बोला, मुलाचा गोंधळ होतो’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं. सहा महिने घरात फक्त इंग्रजी. नवरा ऑफिसच्या मेलसारखं बोलायचा, आणि सासूबाई, ज्या दिवसभर त्याच्याशी बोलत असत, गप्प झाल्या. मुलाच्या कानावर पडणारे शब्दच निम्मे झाले. स्वमग्न मुलांवर आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेली संशोधनं सांगतात की दोन भाषांच्या घरात वाढल्यानं ती एकभाषी घरातल्या तशाच मुलांपेक्षा मागे पडत नाहीत. आजीची भाषा बंद करू नका.

चौथं: तपासणीचा दिवस

मुलाला खाऊपिऊ घालून न्या. त्याचं लाडकं खेळणं न्या, पण पिशवीतच ठेवा. लवकर पोहोचलात तर थोडा वेळ कमाटी बागेत फिरवा. कॉरिडॉरमध्ये तासभर बसवलेलं मूल आत जाईपर्यंत दमलेलं असतं.

आत लाकडी फळा दिसला तर तो सेगँ फॉर्म बोर्ड. दहा खाचा, दहा ठोकळे: गोल, चांदणी, अधिक चिन्ह, अर्धगोल, त्रिकोण असे. ठोकळे काढून रचून ठेवतात, घड्याळ लावतात, आणि मुलानं ते बसवायचे. तीनदा. त्यातली कमीत कमी वेळाची खेप धरतात. आमच्यानं पहिल्या खेपेला चांदणी हातात घेतली आणि तिची टोकं एकेक करून गालाला लावत बसला. घड्याळ चालू. माझ्या पोटात गोळा. दुसऱ्या खेपेला चांदणीला हातच लावला नाही, बाकीचे नऊ बसवले. तिसऱ्या खेपेला सगळ्यात आधी चांदणी. ती ताई हुशार. तिनं सेकंद लिहिलेच, पण समासात हेही लिहिलं की गुळगुळीत लाकूड गालाला लावणं त्याला आवडतं आणि ते उरकलं की तो कामाला लागतो. पुढे शाळेतल्या बाईंना त्या आकड्याचा काडीचा उपयोग झाला नाही, समासातली ओळ मात्र त्या अजून वापरतात: आधी दोन मिनिटं ठोकळ्याशी, मग पाटी.

तपासणारी विद्यार्थिनी असेल तर तिच्यावर कोण आहे ते विचारा. मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारक यांची पुनर्वसन परिषदेत नोंदणी असते, त्यासाठी 1992 चा कायदा आहे. नंबर विचारायला लाजू नका. ज्यांच्याकडे असतो ते लगेच सांगतात.

पाचवं: सही करण्याआधी

कधीतरी तुमच्यासमोर एक कागद येईल: ‘आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?’ घाबरू नका, पण घाईही करू नका. तपासणी आणि अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासाला नाही म्हटलं म्हणून नेहमीची मदत थांबवता येत नाही, आणि हो म्हणून मध्येच बाहेरही पडता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत हवं, त्याची एक प्रत घरी न्यायला मिळायला हवी. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजेप्रमाणे विचारायचंही असतं. आमच्यानं एकदा मान हलवून ‘नाही’ म्हटलं, कारण त्यांना डोक्याला पट्टा बांधायचा होता. आम्ही घरी आलो.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. व्हिडिओ काढणार का, तो कोण बघणार, कुठे ठेवणार? अभ्यास संपल्यावर मुलाचं काम चालू राहणार की थांबणार? आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: दोन गट पाडणार आहेत का? कारण असं असतं की एका गटाला नवी पद्धत लगेच मिळते आणि दुसऱ्याला तुलनेसाठी काही महिने थांबवतात. ते गैर नाही, शास्त्राला तसं लागतं. पण तुमचं मूल अडीच वर्षांचं असेल तर सहा महिने म्हणजे फार. थांबायचं असेल तर बाहेर दुसरीकडे उपचार चालू ठेवता येतील का, ते स्पष्ट करून घ्या.

मी तीन अभ्यासांना हो म्हटलं. आमच्या मुलाचे आकडे कुठल्या तरी तक्त्यात बसले असतील. प्रबंध झाल्यावर ‘काय निघालं ते सांगायला या’ असं मी दर वेळी सांगते. एक मुलगी खरंच आली, पेढे घेऊन.

सहावं: रिपोर्ट हातात आल्यावर

आकडा वाचून रडू येतं. ते येऊ द्या, मग रिपोर्ट घेऊन परत जा आणि एकच मागा: घरी रोज वीस मिनिटं काय करायचं ते करून दाखवा. सांगू नका, दाखवा. आणि तिथेच त्यांच्यासमोर तुम्ही करून बघा. ‘स्टिम्युलेशन द्या’ असं लिहिलेला कागद काही कामाचा नाही. ‘पाण्याचा पेला हातात धरा, तोंडाशी न्या, थांबा, पाच मोजा, तो तुमच्याकडे बघेपर्यंत’ हे कामाचं. आमचं हे पाच मोजणं सहा आठवडे चाललं. आजोबा तीनलाच पेला देऊन टाकत.

बाकीचे कागद

हे भराभर सांगते, कारण यात विचार कमी आणि रांगा जास्त. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज सरकारी स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी हॉस्पिटलात. युनिव्हर्सिटीचा रिपोर्ट तिथे जोडा, पण तोच चालेल अशी आशा धरू नका. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर निदान 40 टक्के अक्षमता लागते. लहान मुलाचं प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं असतं, तारीख कॅलेंडरवर लिहा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारच्या अक्षमता आहेत, आणि 40 टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली ‘निरामय’ विमा मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत. त्याच कायद्याखाली अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वासाठी कलेक्टरांच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. आई-बाप असलो तरी अठरानंतर कायद्यानं आपण आपोआप पालक राहत नाही. ती फाइल मी पुढच्या महिन्यात उघडते आहे.

आमच्या शेजारणीनं अर्ज जुलैत दिला होता, ऑगस्टमध्ये बोलावणं आलं. जाण्याच्या आदल्या रात्री ती वही दाखवायला आली. शेवटच्या पानावर तिनं मुलीला कळणारे शब्द लिहिले होते: पाणी. नको. भूर (म्हणजे बाहेर). आबा. माऊ (मांजर नव्हे, सोफ्यावरची उशी). शेवटच्या शब्दाखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.